कागदाचा बँड

मिसेस थॉमसन यांना मिशा होत्या. चांगल्या झुपकेदार, आणि लग्नसराईत त्यांना तेल लावलेलं असायचं. त्या तंबाखू मळायच्या, चारचौघांत मोठ्यानं शिंकायच्या आणि आमच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायच्या. त्यांचं घरचं नाव लिंबाजी. पण एकदा का अंगावर लाल कोट चढला, की लिंबाजी म्हणून हाक मारली तर ते ओ देत नसत. धारूरहून जीप सुटायच्या वेळी मी खालून ओरडायचो, "मिसेस थॉमसन आल्या का?" आणि टपावरून त्यांचाच आवाज यायचा, "आल्या, आल्या. ढोल बांधतेत."

मी स्वतः मिस रूबी. कागदोपत्री रशीद, पण ते नाव फक्त रेशनच्या दुकानात चालतं. माझ्या आधी माझे अब्बा मिस रूबी होते. चांगला दाराला डोकं लागणारा, दाढीवाला माणूस. बँडही त्यांनीच काढला, आणि क्लॅरिनेटच्या जोडीनं हे नावही मला त्यांच्याकडूनच मिळालं.

बाहेरच्या माणसाला हा प्रकार नीट सांगायचा तर कागदांपासून सुरुवात करावी लागेल. निजामी गेली त्यानंतर हैदराबादेत साहेबलोकांच्या एका क्लबातलं सामान हराजात निघालं. अब्बा तिथं कोट घ्यायला गेलते. पितळी बटणांचे लाल कोट भरलेली एक ट्रंक त्यांनी घेतली. धारूरला आणून उघडली, तर कोटांच्या खाली जाड जाड कागदांचा गठ्ठा निघाला. त्यांवर पाच-पाच रेघा मारलेल्या, आणि रेघांना शेपटीची काळी टिंबं लटकलेली. असले कागद समोर ठेवून पलटणीचा बँड वाजवतो, हे अब्बांनी हैदराबादेत डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा हे बँडचेच कागद, आणि आपला बँड आहे तर ते आपल्या बँडसमोर असले पाहिजेत, असा त्यांनी सरळ हिशेब केला. कोट दोन-तीन लग्नसराईत विटले, मग तसलेच नवे शिवून घेतले. कागद मात्र टिकले.

ते वाचायचे कसे हे कुणालाच माहीत नव्हतं, पण त्यानं अब्बांचं काही अडलं नाही. नवरदेवाच्या घोड्याला जरीची झूल घालतात ती त्याला थंडी वाजते म्हणून घालत नाहीत, असं ते म्हणायचे. कागद पुठ्ठ्यावर चिकटवले, वर प्लास्टिक चढवलं आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी प्रत्येकाचा कागद त्याच्या पुढच्या माणसाच्या पाठीवर अडकवला. लिंबाजीचा कागद ढोलाच्या कडेला बांधला. माझ्या पुढं कुणीच नसतं, म्हणून क्लॅरिनेटला पत्र्याची एक चिमटी बसवून घेतली होती. अशी सगळी मंडळी पाठीवर एकेक पान लावून लग्नात उतरली, की गावातली म्हातारी माणसंसुद्धा चपला सावरून बाजूला व्हायची. धारूरपासून आष्टीपर्यंत आम्हाला कागदाचा बँड म्हणायला लागले. आमचं खरं नाव ढोलावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ते कुणी वाचायचं नाही.

आता आमच्या धंद्यात गाणं खरं कुठून येतं ते सांगतो. ते कानातून येतं. मास्तरनं, म्हणजे क्लॅरिनेटवाल्यानं, गाणं ऐकायचं. पूर्वी रेडिओवर ऐकायचो, मग कॅसेट आली, आता मोबाईल. मग एकेक ओळ वाजवून दाखवायची, ट्रंपेटवाल्यांनी ती उचलायची, ट्रॉम्बोननं तिच्याखाली जाड सूर धरायचा आणि ढोल-ताशानं ठेका बसवायचा. पंगत बसताना धरलेलं गाणं पंगत उठेपर्यंत बसतं. यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे नवरदेवाचा मामा. तो येतो आणि म्हणतो, "मास्तर, ते गाणं वाजवा." कोणतं, ते त्याला सांगता येत नाही. मग तो गुणगुणतो, तेही बेसूर, आणि अर्धं गुणगुणून हसतो. त्या तेवढ्यातून मूळ गाणं शोधून काढायचं आणि त्याच्या तोंडातलं संपायच्या आत वाजवायला लागायचं. हे मला येतं. बाकी कशाचा नाही, पण याचा मला गर्व आहे.

कागदासमोर उभं राहायला मात्र शिस्त लागते, आणि अब्बांनी ती कडक ठेवली होती. गाणं बदललं की नजर पानाच्या वरच्या रेघेवर परत न्यायची. पुढचा माणूस उधळलेली नोट उचलायला वाकला, की मागच्याचा कागद खाली जातो. कागद गेला की मागच्यानं वाजवणं थांबवायचंच. पुढचा उभा राहिला की परत सुरू. या एका गोष्टीनं लोकांची जेवढी खात्री पटायची तेवढी दुसऱ्या कशानं पटत नव्हती. क्लॅरिनेट माझ्या हातात दिलं त्या दिवशी अब्बांनी मला एवढंच सांगितलं, "नजर कागज पे रख, कान बारात में."

नावांची कथा अशी, की सुरुवातीला कागदांवरून भांडणं व्हायची. याचा कागद स्वच्छ, त्याच्यावर तेल सांडलेलं, माझा काल त्यानं नेला. शेवटी अब्बा गठ्ठा घेऊन पोस्टमास्तरांकडे गेले. पोस्टमास्तरांनी चष्मा लावून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात शाईनं लिहिलेलं नाव वाचून दाखवलं. कधीकाळी ज्यांचे हे कागद होते त्या बाया आणि साहेब. मग ज्याच्या वाट्याला जे पान आलं तेच त्याचं नाव. माणूस थकून घरी बसला, की पान आणि नाव पुढच्याला. अशी मिसेस थॉमसन लिंबाजीच्या आधी त्याच्या चुलत्याकडे नांदून आली होती.

ट्रॉम्बोनवाल्या गौसभाईंचं पान जरा वेगळं होतं. त्यावर हातानं लिहिलेलं नाव नव्हतं. पोस्टमास्तरांनी छापलेल्यातलंच काहीतरी वाचलं, त्याच्या शेवटी 'अँड कंपनी' असं होतं. तेव्हापासून गौसभाई कंपनीसाहेब. शिवाय त्या पानावर रेघाच नव्हत्या, नुसती बारीक अक्षरं. गौसभाई याचाही तोरा मिरवायचे. "तुमचं बरं हाय," म्हणायचे, "तुमाला रेघा तरी हायेत. मला सगळं ध्यानात ठेवावं लागतंय."

पुढं धारूरच्याच एका लग्नात मंडपामागं शेळीनं कंपनीसाहेबांचं अर्धं पान खाल्लं. अब्बांनी खूप विचार केला आणि निकाल दिला, की पान अर्धं तर गाणंही अर्धं. त्या दिवसापासून गौसभाई प्रत्येक गाणं मध्यावर सोडतात, ट्रॉम्बोन काखेत धरतात आणि रुमालानं तोंड पुसतात. शेळी कधीच गेली, अब्बाही गेले, पण गौसभाईंनी नियम मोडलेला नाही.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. आष्टीचा एकजण सुपारी द्यायला आला आणि बराच वेळ कागदांकडे बघून म्हणाला, "मास्तर, कागद नका आणू. बिनकागदाचं, साधं वाजवा. मंग किती कमी घेताल?" अब्बा म्हणाले, "साधं वाजवायचं आमी शिकलोच न्हाई." एका गावात शाळेच्या गुरुजींनी लिंबाजीला रस्त्यात अडवलं. "आरं, तुझा कागद उलटा लागलाय." लिंबाजीनं ढोल न थांबवता उत्तर दिलं, "गुरुजी, वरात परत चाललीय." गुरुजींना ते पटलं. आणि ढोलाला कसला आलाय कागद, असं कुणी विचारलं, की त्याचं ठरलेलं उत्तर होतं, "कावून? ढोल काय अडाणी हाय?"

हे सगळं असंच सुखानं चाललं होतं. मग घाटनांदूरच्या शिवलिंगअप्पांच्या शिल्पाचं लग्न आलं.

अप्पांचं घाटनांदूरला किराणा-भुसारचं दुकान. डीजेच्या जमान्यात, स्वतःच्या पोराशी भांडून त्यांनी आम्हाला सुपारी दिली होती, कारण त्यांच्या स्वतःच्या लग्नात अब्बांनी वाजवलं होतं. आम्ही सकाळी पोचलो, तर अप्पा मंगल कार्यालयाच्या दारातच उभे. फेटा बांधलेला, पण तोंड उतरलेलं. मला हाताला धरून त्यांनी मंडपाच्या मागं नेलं.

"मास्तर, एक घोळ करून बसलोय मी."

"काय झालं अप्पा?"

"ही हैदराबादची माणसं आल्यापासून नाकं मुरडायलेत. रस्ता असलाच हाय का, पानी असलंच हाय का. मी ऐकून घेतलं, पोरीचा बाप हाय म्हनून. पर काल जेवताना व्याही म्हनला, तुमच्याकडं बँड म्हंजे नुसता गोंगाट असतो. माझं डोकंच फिरलं. म्हनलं, आमचा बँड कागद वाचून वाजवतो. तुमच्या हैदराबादेत हाय का असा?"

"मग? बरोबरच बोललात की."

"आवो, नवरदेवाची आत्या तितं पियानो शिकवती! जलमभर हेच केलंय तिनं. ती म्हनली, मंग तर मला बघायचंच हाय." अप्पांनी माझा हात घट्ट दाबला. "मास्तर, तुमी वाचताव ना?"

मी अप्पांकडे बघितलं. त्या माणसाला खोटं सांगायला माझी जीभ रेटेना. "न्हाई अप्पा."

"थोडंबी न्हाई?"

"थोडंबी न्हाई."

अप्पा तिथंच एका पातेल्यावर पालथं घातलेलं झाकण होतं त्यावर बसले. मला वाटलं, आता चिडतील. पण ते हळू आवाजात म्हणाले, "माझी शिल्पा उद्यापासून त्या घरात ऱ्हानार हाय. आज हे लोक हसले ना, तर ते माझ्यावर न्हाई, तिच्यावर हसतील. जलमभर हसतील. भाजीत मीठ जास्ती झालं तरी म्हनतील, काय सूनबाई, कागद वाचून टाकलं का?"

हसू येण्यासारखं वाक्य होतं, पण मला हसू आलं नाही. मला दोन मुली आहेत. सासरी एखादी गोष्ट चिकटली की ती कशी सुटत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

मी मंडळींना गोळा केलं आणि माझा बेत सांगितला. बेत असा, की थांबायचंच नाही. नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. परण्या निघाल्यापासून कार्यालयात परत येईपर्यंत गाण्याला गाणं जोडायचं. मधे फट राहिली नाही तर बाई विचारणार कधी?

तसं वाजवलं. वैशाखाचं ऊन, घाटनांदूरचा रस्ता आणि दम घ्यायला जागा नाही. ट्रंपेटवाल्यांचे गाल फुगून लाल झाले. लिंबाजीच्या मिशांचं तेल ओघळून हनुवटीवर आलं. एकटे गौसभाई तेवढे ताजेतवाने होते, कारण प्रत्येक गाण्यात अर्धा वेळ त्यांना सुट्टी होती. ती आत्याबाई, सुमनताई त्यांचं नाव, आमच्या बरोबरीनं चालत होत्या. पांढरे आखूड केस, सुती साडी, पायात पळायचे बूट आणि गळ्यात साखळीला चष्मा. त्या दोनदा माझ्याजवळ आल्या आणि दोन्ही वेळा मी अशा जोरात फुंकर मारली की त्या कानाला हात लावून मागं सरल्या.

पण कार्यालयाच्या दारात बाया आरतीचं ताट घेऊन आल्या. नवरदेवाला ओवाळायचं होतं. लग्न लावायला आलेल्या स्वामींनी हात वर करून सांगितलं, "बँड थांबवा." स्वामींच्या पुढं काय बोलणार? थांबलो.

सुमनताईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सरळ लिंबाजीच्या ढोलापाशी आल्या. कागद बघितला. मग ट्रंपेटवाल्याच्या पाठीवरचा बघितला. "अहो, ही तर पियानोची पानं आहेत!"

देवाशपथ सांगतो, त्या क्षणापर्यंत आम्हाला ते माहीत नव्हतं. इतकी वर्षं आम्ही ते बँडचेच कागद समजत होतो. लिंबाजी तर घाबरून बोलूनच गेला, "मंग ढोलाचा कुटं गेला?"

व्याही मागंच उभे होते. "तेच तर," ते म्हणाले. "ढोलवाल्याला पियानोचा कागद कशाला?" त्यांच्याकडची चार माणसं हसली. अप्पा मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. दाराच्या आत, मुंडावळ्या बांधलेली शिल्पा बापाकडे बघत होती. तिला सगळं समजलेलं दिसत होतं.

सुमनताईंचं मात्र हसण्याकडे लक्ष नव्हतं. पाठीवरच्या कागदांच्या कोपऱ्यातली नावं त्या एकेक करून मोठ्यानं वाचत निघाल्या होत्या. जुन्या वस्तूंची आवड असलेली माणसं करतात तसं. लिंबाजीच्या कागदापाशी परत येऊन त्यांनी वाचलं, "मिसेस ई. थॉमसन..."

"जी!" लिंबाजीनं टाच आपटली.

सुमनताई दचकल्या. त्यांनी आधी कागदाकडे पाहिलं, मग मिशांकडे. "तुम्ही?"

"व्हय जी. मीच."

त्यांचं तोंड हसू दाबून थरथरायला लागलं. गौसभाईंचं अर्धं पान त्यांनी वाचलं तेव्हा तर त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी ओळखलं, यांना सगळं कळून चुकलंय. आता त्या वळणार आणि भावाला सांगणार. मी मनातल्या मनात कोटाची बटणं काढायला लागलो.

त्या माझ्यासमोर आल्या. "आणि हे?"

"मिस रूबी," मी म्हणालो.

त्यांनी माझं पान चिमटीतून न काढता तसंच वाचायला सुरुवात केली. आणि वाचता वाचता, अगदी स्वतःशीच, त्या गुणगुणायला लागल्या. वाचता येणाऱ्यांची ती सवयच असावी. बोटं हवेत खालीवर होत होती आणि ओठांतून सूर येत होते. बारीक, पण चोख सुरात.

पहिली ओळ संपायच्या आत माझे कान उभे राहिले. मला नवरदेवाच्या मामांनी आयुष्यभर बेसूर गुणगुणून दाखवलेलं होतं. ही बाई तर सुरात गुणगुणत होती. मी क्लॅरिनेट ओठांना लावलं, नजर कागदावर ठेवली आणि ती ओळ वाजवली.

सुमनताईंची बोटं हवेतच राहिली. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग त्या सावकाश फिरून अशा उभ्या राहिल्या, की त्यांची पाठ व्याह्यांकडे झाली आणि तोंड माझ्याकडे. आणि दुसरी ओळ त्यांनी आधीपेक्षा जरा मोठ्यानं गुणगुणली.

मी ती उचलली. ट्रंपेटवाल्यांनी पहिली धरली. गौसभाईंनी खालचा सूर लावला. गाणं साधंच होतं, लहान पोरींना सुरुवातीला शिकवतात तसलं, वर जाऊन लाजून खाली येणारं. लिंबाजीनं सवयीनं वरातीचा ठेका टाकला, पण तो बसेना. सुमनताईंनी तोंडातल्या तोंडात "एक दोन तीन, एक दोन तीन" केलं, तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. "आवो, दादरा म्हना की!" म्हणाला, आणि ढोल जागेवर आला.

बरोबर मध्यावर गौसभाई थांबले. त्यांनी ट्रॉम्बोन काखेत धरला आणि रुमाल काढला.

"हे का थांबले?" व्याह्यांनी विचारलं.

सुमनताई वळल्याही नाहीत. "दादा, त्यांच्या पानावर तेवढंच आहे."

आणि ते अक्षरशः खरं होतं. व्याह्यांनी स्वतः जवळ जाऊन ते अर्धं पान बघितलं आणि त्यांची मान हलली. मग त्यांच्याकडची पोरं त्या ठेक्यावर नाचायला लागली. आमच्या वरातीतले पाय चारच्या ठेक्याला सरावलेले, तीनच्या ठेक्यात सगळे एकमेकांत अडकले. एकट्या घोड्याला ते जमलं. अप्पांनी खांब सोडला आणि फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले. दारातल्या शिल्पानं मला कुणाला दिसणार नाही असे हात जोडले. मला भरून आलं, पण तोंडात क्लॅरिनेट असल्यामुळे ते आतच ठेवावं लागलं.

जेवणाच्या वेळी आमची पंगत वेगळी, मंडपामागं बसते. सुमनताई आपलं ताट घेऊन तिथंच आल्या. माझ्या शेजारी बसून आधी मनसोक्त हसून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "मास्तर, ते अर्धं पान म्हणजे गाणं नाही हो. खोकल्याच्या गोळ्यांची जाहिरात आहे."

मी त्यांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. म्हटलं, बाई, हे कुठं बोलू नका. तो माणूस ते पान ध्यानात ठेवतो. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा मीच लिहितोय. हा अंक धारूरला कुणाच्या हाती पडला, तर एवढा भाग गौसभाईंना वाचून दाखवू नये ही विनंती. त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं, पण कान अजून शाबूत आहेत.

लिंबाजीनं तर आपला कागद ढोलासकट पोत्याखाली झाकून ठेवला होता. सुमनताई म्हणाल्या, "आणा, तुमच्या मिसेस थॉमसनचं काय आहे ते वाचते." तो म्हणाला, "नगं बाई. इतकी वर्सं संसार झालाय. आता काय नवं निगायचं ते?"

मग त्यांनी माझं पान मागितलं. चष्म्याजवळ धरलं. पानाच्या खालच्या कडेला पेन्सिलीच्या पुसट रेघोट्या होत्या. आम्ही त्यांना डाग समजत होतो. "हे रूबीच्या शिक्षिकेनं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा मुलींच्या पानांवर असंच लिहिते." आणि त्यांनी मराठी करून वाचलं:

"रूबी, पानाकडे बघ. तू पुन्हा नुसतं ऐकून वाजवते आहेस."

माझा घास हातात राहिला. आधी मला हसू फुटलं, इतकं की ठसका लागला आणि लिंबाजीनं पाठीत बुक्क्या घातल्या. मग मला अब्बा आठवले. त्यांची सगळी उमर या पानासमोर उभी राहून गेली. उन्हात, धुळीत, लोकांच्या लग्नात, एक टिंब न वाचता. आणि त्यांच्या नाकासमोर, खालच्या कडेला, हे लिहिलेलं होतं. ते असते तर केवढ्यानं हसले असते! त्यांना हे ऐकायला मिळालं नाही याचं मला फार वाईट वाटलं. त्या पोरीचंही वाटलं. कुठल्या गावची, केवढी, काही माहीत नाही. पण बाईसाहेब खोलीबाहेर गेल्या की ती पानाकडे न बघता काय सुंदर वाजवत असेल, हे मला तिथं पत्रावळीवर बसून ऐकू आल्यासारखं झालं.

शिल्पा आता हैदराबादेत नांदते. माहेरी आली की धारूरला येऊन भेटून जाते. सांगते, की पाहुणे आले की सासरे सुमनताईंना ते गाणं पियानोवर वाजवायला लावतात आणि सांगतात, "आमच्या पोराच्या लग्नात हे घाटनांदूरला बँडनं वाजवलं होतं, कागद वाचून." सुमनताई मान खाली घालून वाजवतात आणि शिल्पा पाणी आणायला म्हणून आत पळते. भाजीत मीठ जास्त झालं, तर त्या घरात नुसतं 'खारट झाली' एवढ्यावरच निभावतं, कागदाचं नाव कुणी काढत नाही.

मला दातांनी रिटायर केलं. क्लॅरिनेट वरच्या दातांवर टेकवून धरावं लागतं, आणि माझे पुढचे दोन्ही गेले. कवळी बसवून पाहिली, तर क्लॅरिनेटच्या आधी कवळीच वाजायची. बँडला कामंही आता मोजकीच येतात. तरी गेल्या लग्नसराईच्या तोंडावर मी माझा पुतण्या सलीम याला क्लॅरिनेट दिलं आणि पान दिलं. सलीम डिप्लोमावाला आहे, इंग्रजी वाचतो. मंडळींनी लगेच त्याला रूबी म्हणायला सुरुवात केली आणि त्यानं जरा तोंड वाकडं केलं.

मी त्याला अब्बांचेच शब्द सांगितले. "नजर कागज पे रख, कान बारात में."

त्यानं पान उजेडात धरलं, खालची पेन्सिल वाचली आणि माझ्याकडे वळला. "चाचा, पर इथं तर बाईसाहेबांनी रूबीला उलटंच सांगितलंय. ऐकून वाजवू नको म्हणून."

"सांगितलं हाय," मी म्हटलं. "पर रूबीनं कधी आयकलं?"